पीडितेसोबत जाणाऱ्या बाईचं एस.टी.चं तिकीट खर्चाच्या कुठल्या हेडमध्ये टाकायचं?

तापीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी.

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी आमची लहानशी नोंदणीकृत संस्था आहे. जिल्हा सांगत नाही. तीनच तर जिल्हे, आणि झेडपीतली निम्मी मंडळी रात्री इथंच वाचत पडलेली असतात.

काम असं: बलात्काराच्या केसेस, पोक्सो (म्हणजे लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार), घरातली मारहाण, वर्षा-दोन वर्षांतून एखादी डाकीण म्हणून गावाबाहेर काढलेली बाई. आम्ही तिघी आळीपाळीनं त्यांच्यासोबत जातो. पोलीस ठाण्यात, सिव्हिलला, मग कोर्टाच्या तारखांना. सोबत जायचं, बसायचं, पाणी द्यायचं, साहेब काय म्हणाले ते तिच्या भाषेत सांगायचं. बस, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी झेडपीच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, समुपदेशन केंद्रासाठी अनुदान मंजूर झालं. जूनपासून काम केलं, पैसे हातात पडले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर उसनवारीवर भागवलं, त्याचीही तक्रार नाही. खरा घोळ पुढं झाला. उपयोगिता प्रमाणपत्रासोबत लाभार्थ्यांची यादी मागितली: नाव, गाव, आधार क्रमांक, सही किंवा अंगठा, आणि 'लाभ देतानाचा फोटो'. बलात्कार झालेल्या पोरीचा लाभ देतानाचा फोटो! मी त्या टेबलावरच हसले, मग बाहेर येऊन रडले.

यादी दिली नाही. दुसरा हप्ता आला नाही.

आता पुन्हा प्रस्ताव मागवलेत. टाकावा का? टाकला तर कशासाठी मागावेत पैसे? कोणी केलंय का असं काही?

भरीतप्रेमी (सोमवार, रात्री ९.५८)

वाचतोय. ताई, टाका प्रस्ताव. न मागता आई पण वाढत नाही.

पाटीलकी_सोडलेला (सोमवार, रात्री १०.२०)

राग मानू नका, पण झेडपीचं हे कामच नाही. झेडपीनं रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने बघावेत. गुन्हा झाला तर पोलीस आहेत, कोर्ट आहे, ते राज्य सरकारचं खातं. मनोधैर्य योजना आहे, दहा लाखांपर्यंत देतात. जिल्ह्याला पीडित बायकांसाठी सखी केंद्र आहे, त्याचा पैसा थेट दिल्लीहून येतो. एवढं असताना पुन्हा सेसमधून कशाला? आमच्या गावच्या शाळेचं छत तीन पावसाळे गळतंय.

जुना_हिशेबनीस (सोमवार, रात्री १०.५१)

पाटील, सेसचे नियम तुम्हाला माहीत नसावेत म्हणून सांगतो. निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे.

झेडपीचं स्वतःचं उत्पन्न असतं, जमीन महसुलावरचा उपकर वगैरे. त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणावरच खर्च करायचे असं बंधन आहे. तुमच्या छताला ते पैसे वापरता येतच नाहीत. हे १० टक्के महिला व बालकल्याण समिती ठरवते. त्यात शिलाई मशीन येतं, सायकल येते, पिठाची गिरणी येते, प्रशिक्षण येतं. आणि महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणं हेही येतं. म्हणजे ताई भीक मागत नाहीयेत, यादीत असलेलंच मागतायत.

आता गिरणीलाच का जास्त पैसे जातात? गिरणी दिसते. वाटपाला मंडप पडतो, सभापती-सदस्यांचा फोटो निघतो. कोर्टात बाईशेजारी बसून राहण्याला मंडप कुठं घालणार?

तापीकाठ (सोमवार, रात्री ११.०५)

@जुना_हिशेबनीस नाना, शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावते.

@पाटीलकी_सोडलेला भाऊ, राग नाही. मनोधैर्यबद्दल उद्या सविस्तर लिहिते. दळण आणायचंय.

कळण्याची_भाकरी (सोमवार, रात्री ११.१२)

रात्री अकराला कुठली गिरणी चालू असते हो ताई? (हलके घ्या.)

तापीकाठ (सोमवार, रात्री ११.१५)

झेडपीनं दिलेली! शेजारच्या बचत गटाची. लाइट रात्रीच असते.

वकीलीणबाई_धुळे (मंगळवार, सकाळी ७.३०)

मनोधैर्य २ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाली, तेव्हा रक्कम दोन-तीन लाखांपर्यंत होती. २०१७च्या शेवटी सुधारणा होऊन मर्यादा दहा लाखांवर गेली आणि काम जिल्हाधिकाऱ्यांच्या मंडळाकडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आलं. पण "दहा लाख देतात" असं जे बाहेर पसरलंय त्यात दोन गोष्टी सुटतात. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येकीला दहा मिळत नाहीत. आणि मंजूर होईल त्यातला साधारण पाऊण हिस्सा तिच्या नावे दहा वर्षांच्या मुदत ठेवीत जातो. हेतू चांगलाच आहे, नाहीतर घरचेच पैसे काढून ट्रॅक्टरचा हप्ता भरतील. पण उद्याच्या तारखेला यायला लागणारं भाडं त्या ठेवीतून निघत नाही.

शिवाय योजना बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड वगैरेंचे हल्ले यांच्यापुरती. तापीकाठ यांनी लिहिलेली डाकीण ठरवलेली बाई तिच्यात बसत नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुन्हा दाखल होतो. पण मारणारे आणि मार खाणारी दोघंही आदिवासी असतील तर ॲट्रॉसिटी लागत नाही, म्हणजे समाजकल्याणकडून मिळणारी मदतही नाही. राहता राहिली राज्याची सर्वसाधारण पीडित नुकसानभरपाई योजना, २०१४ची. तिच्याबद्दल ठाण्यातल्या साहेबांनाच आपण सांगावं लागतं.

सातपुडा७ (मंगळवार, सकाळी ९.१०)

डाकीणचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी धडगाव तालुक्यात मास्तर आहे.

आमच्या पाड्यावरची एक आजी. लेकरं आजारी पडली, दोन म्हशी मेल्या, बोट हिच्याकडं. रात्री दगड पडले घरावर. पोरगा शिकलेला होता म्हणून केस झाली. आता पुढचं ऐका. आजीला मराठी येत नाही, पावरी येते. तारखेला पहाटेची गाडी धरून जायचं. कोर्टात नाव पुकारलं, हिला कळलंच नाही आपलंच नाव आहे, कारण कागदावर नाव वेगळं लिहिलेलं. ती व्हरांड्यात बसून राहिली. गैरहजर लागली. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणते, गुरुजी, कोणी बोलावलंच नाही.

पुढच्या खेपेला मी रजा टाकून गेलो. माझी किरकोळ रजा गेली, तिकिटं माझ्या खिशातली. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा नाही जमलं, परीक्षा होत्या.

पाटीलसाहेब, सखी केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. आमच्यापासून जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे अर्धा दिवस. सखी केंद्र वाईट नाही, तिथं पाच दिवस राहायची सोय होते हेही खरं. पण तिथपर्यंत आजीला नेणार कोण?

भरीतप्रेमी (मंगळवार, सकाळी ९.४४)

मास्तर __/\__

जिभाऊ_शिरपूर (मंगळवार, सकाळी १०.०२)

माले एक समजत नही. केस सरकारनी, कोर्ट सरकारनं, मंग तिकीट मास्तरनी का काढानं?

केळीवाला_रावेर (मंगळवार, दुपारी १.१५)

वेगळा मुद्दा मांडतो. पीडित म्हणजे फक्त बायाच का? आमच्या पट्ट्यात रात्रीतून केळीची खोडं कापून टाकतात. जुनं भांडण, बांधाचा वाद, काहीही. काढणीला आलेला बाग सकाळी आडवा. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांचा असाच गेला. गारपीट झाली असती तर पंचनामा होऊन काही मिळालं असतं. माणसानं कापला म्हटल्यावर तलाठी म्हणतो पोलिसात जा, पोलीस म्हणतात तपास चालू आहे. चुलते आठ दिवस जेवले नाहीत. त्यांच्याजवळ बसायला कोण आलं?

पाटीलकी_सोडलेला (मंगळवार, दुपारी १.३०)

+१. आता बोला.

वकीलीणबाई_धुळे (मंगळवार, दुपारी २.२०)

बोलते की. केळीवाले भाऊ, कायद्यानं तुमचे चुलते पीडितच आहेत. आरोपीच्या कृत्यामुळं ज्याचं नुकसान किंवा इजा झाली तो पीडित, अशी सरळ व्याख्या आहे, बाई-पुरुष असा भेद नाही. आरोपी सापडून शिक्षा झाली तर दंडातून भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आधीपासून आहे. जुन्या संहितेत कलम ३५७, १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९५. सरकारी निधीतून भरपाईचं ३५७अ आता ३९६ झालं. अडचण अशी की राज्याच्या योजनेचा भर मृत्यू, बलात्कार, शारीरिक इजा यांवर आहे. केळीच्या खोडांना त्यात जागा नाही.

पण म्हणून बायांचं बंद करा असं होत नाही ना? उलट चुलत्यांजवळ बसणारं माणूसही त्याच केंद्रात असावं.

तापीकाठ (मंगळवार, दुपारी ३.००)

@केळीवाला_रावेर भाऊ, तुमच्या चुलत्यांसारखे पुरुष आमच्याकडं येतात. सहसा बायकोला घेऊन येतात आणि म्हणतात हिला जरा समजवा. मग चहा झाला की स्वतःच बोलायला लागतात.

साक्रीकर (मंगळवार, दुपारी ४.३५)

पुरुष पीडितांचं म्हणता तर आमच्या तालुक्यातलं राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. सरकारनं मदत जाहीर केली, पेपरात आलं. मी तेव्हापासून एकच विचार करतो, पालावर राहणाऱ्या त्या बायकांना तेवढ्या लांबून धुळ्याच्या कोर्टात यायचं, तर कुठं उतरायचं, कोणाला विचारायचं? आपल्या तालुक्यात त्यांना चहा विचारायची तरी कोणाची छाती झाली असती का? आम्हालाच तोंड दाखवायची लाज वाटायची.

खान्देशी_न्यूजर्सी (मंगळवार, संध्याकाळी ६.१०)

इथं सकाळ आहे, ऑफिसला उशीर होतोय, तरी लिहितो. मूळचा अमळनेरचा. बायको इथं एका काउंटीच्या पीडित सहाय्य कार्यालयात काम करते.

अमेरिकेत १९८४च्या कायद्यानं एक निधी केलाय. त्यात करदात्याचा पैसा नाही. फेडरल कोर्टात दोषी ठरलेल्यांचे, त्यातही मोठमोठ्या कंपन्यांचे दंड त्यात जातात. तो पैसा राज्यांना, राज्यांकडून काउंटी, शहरं आणि संस्थांना अनुदान म्हणून. लैंगिक अत्याचार, घरगुती हिंसा, बालअत्याचार आणि ज्यांच्याकडं कोणी बघत नाही असे पीडित, या चारांवर प्रत्येकी किमान १० टक्के खर्च करायचं बंधन. आणि यातून माणसाचा पगार निघतो. कोर्टात सोबत बसणारी जी असते तिला 'ॲडव्होकेट' म्हणतात, वकील नसली तरी. बायकोचं तेच काम.

सगळं गुलाबी नाही. मोठ्या कंपन्यांवरचे खटले तडजोडीत मिटायला लागले, दंड घटला, की निधी आटतो. २०२१ला कायदा दुरुस्त करून तडजोडीतले पैसेही निधीत वळवले, तरी ओढाताण आहेच. आणि इथंही लहान संस्थांना आधी खर्च करा, बिलं लावा, मग पैसे घ्या असंच असतं. बायकोच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी कोणाची नोकरी राहील याची कुजबुज असते.

कळण्याची_भाकरी (मंगळवार, संध्याकाळी ६.२८)

म्हणजे मार्चएंड तिकडंही असतो! जीव शांत झाला.

जिभाऊ_शिरपूर (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

आपलाकडे दंडना पैसावर चालाडं तर वाळूना ट्रॅक्टरवाला येक मयनामा खान्देशभर केंद्र उघाडी दीन.

खान्देशी_न्यूजर्सी (मंगळवार, संध्याकाळी ६.४४)

😂 जिभाऊ, अहिराणी वाचून पोटात कालवलं. शेवभाजीचा विषय काढू नका फक्त.

भरीतप्रेमी (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

काल धुळ्याला पाचकंदीलजवळ खाल्ली. वर तर्री अशी…

संपादक मंडळ (मंगळवार, रात्री ८.००)

शेवभाजीचा धागा वेगळा आहे, तिथं जावे. यापुढचे चोवीस अवांतर प्रतिसाद हलवले आहेत.

जुना_हिशेबनीस (मंगळवार, रात्री ९.२०)

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. ताईंच्या यादीचा घोळ.

मी त्या टेबलाच्या पलीकडं तीस वर्षं बसलो आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. लेखापरीक्षक येतो तेव्हा त्याला वस्तू आणि माणूस दिसावं लागतं. मागं लोकांनी कागदावर शिलाई मशीनं वाटलीत, एकाच बाईच्या नावावर तीनदा. त्या चोरीवर उपाय म्हणून फोटो आणि आधार आलं. नियम गिरणीसाठी केला, लागला तुमच्या पोरीला. क्लार्कचा त्यात दुष्टपणा नसतो, त्याच्याकडं एकच नमुना असतो आणि त्यातला रकाना रिकामा राहिला तर वसुली त्याच्या पेन्शनमधून निघते.

म्हणून युक्ती अशी की तुम्ही 'लाभार्थ्याला लाभ' या भाषेत मागूच नका. केंद्र चालवायचं मानधन मागा. समुपदेशक दोन, प्रत्येकी दरमहा इतके, जागा भाडं, प्रवास. मग पुरावा काय? हजेरीपत्रक, मानधनाच्या बँक नोंदी, प्रवासाची डायरी. लाभार्थी कॉलममध्ये फक्त आकडा आणि सांकेतिक क्रमांक. प्रस्तावातच लिहून टाका की नावांची नोंदवही सीलबंद राहील आणि नेमून दिलेला एकच अधिकारी केंद्रात येऊन बघेल. हे मंजुरीच्या आदेशातल्या अटींमध्ये छापून आलं पाहिजे. तोंडी "हो हो बघू" म्हणाले तर वर्षाअखेरीला कोणी ओळखणार नाही.

वकीलीणबाई_धुळे (मंगळवार, रात्री ९.५५)

नानांना शंभर टक्के सहमत, आणि त्याला कायद्याचा टेकू देते. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापणं-पसरवणं हा गुन्हा आहे, पूर्वीचं २२८अ, आता न्याय संहितेचं कलम ७२. पोक्सोत कलम २३. ऑडिटरनं नोंदवही बघणं म्हणजे लगेच प्रसिद्धी झाली असं मी म्हणणार नाही, तेवढं ताणू नये. पण डिसेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलंय की नाव असलेली कागदपत्रं शक्यतो सीलबंद ठेवा. एवढा आधार क्लार्कला पुरतो. त्याला भांडायचं नसतं, त्याला टिपणीत लिहायला एक ओळ हवी असते. ती ओळ तुम्ही द्या.

सातपुडा७ (मंगळवार, रात्री १०.१५)

आणि यादी एकदा फायलीत गेली की ती फाइल पाच टेबलांवरून फिरते. आमच्याकडं त्या पाचातला एक तरी त्या गावचा जावई असतोच.

पाटीलकी_सोडलेला (मंगळवार, रात्री १०.४०)

हे मात्र खरं. माझ्या साडूचा… जाऊ द्या.

मास्तरांची आजी दिवसभर डोक्यातून गेली नाही. पण एक विचारतो. महिला व बालविकासची दोन ऑफिसं आहेत ना? एक झेडपीत, एक कलेक्टर ऑफिसच्या बाजूला. कुठल्याकडं जायचं हेच माझ्यासारख्या सरपंचकी केलेल्या माणसाला उमगलं नव्हतं कधी.

तापीकाठ (मंगळवार, रात्री ११.०२)

हो भाऊ, दोन! झेडपीतलं उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं, त्यांच्याकडं अंगणवाड्या आणि तो सेसचा १० टक्के. दुसरं जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं, ते राज्याचं, त्यांच्याकडं सखी केंद्र, संरक्षण अधिकारी, बाल संरक्षण कक्ष. पहिल्या वर्षी मी चुकीच्या ऑफिसात अडीच महिने फाइल ठेवली होती. कोणी सांगितलं नाही. रोज चहा मात्र पाजला.

नगरसेविका_माजी (बुधवार, सकाळी ११.३०)

शहरवाल्यांची आठवण कोणी ठेवत नाही म्हणून लिहिते. महापालिका-नगरपालिकांच्या अंदाजपत्रकातही ५ टक्के महिला व बालकल्याणाला असतात. मी समितीत होते तेव्हा त्यातून हळदीकुंकू, मेंदी क्लास आणि ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण व्हायचं. एकदा मी सुचवलं की पोलीस ठाण्याजवळ एक खोली घेऊ, दोन समुपदेशक बसवू. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ला टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढं तो राज्यभर गेला, त्यावर वाचलं होतं कुठंतरी. सभागृहात एक जण म्हणाले, मॅडम, असली खोली उघडली तर शहराची बदनामी होईल. नव्वदच्या दशकात जळगावच्या त्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणानंतर किती मुलींनी तोंड उघडलं नाही ते आठवलं मला. तेव्हाही सगळ्यांना शहराच्या बदनामीचीच चिंता होती. विषय पुढच्या सभेत ठेवला, आणि पुढची सभा आलीच नाही, मुदत संपली.

मधे तर बऱ्याच ठिकाणी २०२२पासून प्रशासकच होते. तो काळ वाईट की चांगला ते माहीत नाही, पण एक सांगते, प्रशासकाला फोटोची हौस कमी असते. कागद बरोबर असेल तर सही होते.

केळीवाला_रावेर (बुधवार, दुपारी १२.०५)

मेंदी क्लासवर फिदीफिदी हसू नका कोणी. माझी बहीण त्यावरच घर चालवते. नवऱ्याला सोडून आली, कोर्टाच्या तारखा ती मेंदीच्या पैशानं करते.

नगरसेविका_माजी (बुधवार, दुपारी १२.२०)

बरोबर आहे भाऊ. चुकलं माझं.

वकीलीणबाई_धुळे (बुधवार, रात्री ८.४५)

धाग्याचं शीर्षक आत्ता नीट वाचलं. तिकीट कुठल्या हेडमध्ये? अहो, हेड आहे! आपण सगळे सेसमध्येच अडकलो.

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये १९९५चे नियम काढा, नियम ११. पीडित आणि साक्षीदारांना तपासाला, खटल्याला जायचं-यायचं भाडं आणि दिवसाचा भत्ता मिळतो. बाई असेल, अल्पवयीन असेल, साठीपुढची व्यक्ती किंवा दिव्यांग असेल, तर तिच्या पसंतीच्या सोबतच्या माणसालाही. सोबतच्यालाही! वीस वर्षांत हे मागणारे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

आणि पोक्सोमध्ये २०२०चे नियम, नियम ५. सपोर्ट पर्सन (म्हणजे केसभर मुलासोबत राहणारी व्यक्ती), दुभाषी यांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं असते. त्यांचा मोबदला राज्यानं बाल न्याय निधीतून द्यायचा, आणि तो कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावा. तापीकाठ, तुम्ही तिघी या यादीत आहात का? आणि मास्तर, पावरी दुभाषी म्हणून तुमच्या शाळेतल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीचं नाव टाका की.

बाकी घरगुती हिंसा, डाकीण वगैरेंसाठी अशी सोय नाही, त्यासाठी सेस. म्हणजे झेडपीकडं मागायची रक्कमही कमी होईल.

सातपुडा७ (बुधवार, रात्री ९.१०)

एक मुलगी आहे. बारावी झाली, पावरी, भिलोरी, मराठी तिन्ही फाडफाड बोलते. उद्याच पाड्यावर जातो.

तापीकाठ (बुधवार, रात्री ९.३०)

नाही हो मॅडम, यादीत नाही. नऊ वर्षांत दोन पोक्सो केसमध्ये कोर्टानं "या कोण?" विचारलं, मी म्हटलं शेजारीण.

जुना_हिशेबनीस (बुधवार, रात्री ९.४१)

वाचनखूण साठवली. वकीलबाई, हे मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं तर दोन फायली परत पाठवल्या नसत्या.

तापीकाठ (तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७.२०)

धागा वर काढतेय.

प्रस्ताव टाकला. नानांनी सांगितल्याप्रमाणं: दोघींचं मानधन, प्रवास, सांकेतिक क्रमांक, सीलबंद नोंदवहीची अट, आणि वकीलीणबाईंनी दिलेली ओळ. बाल संरक्षण कक्षात तिघींचे अर्ज दिले, पोलीस पडताळणी चालू आहे. मास्तरांच्या मुलीचाही अर्ज तिथं पोचल्याचं कळलं.

झेडपीतून एकच त्रुटी निघून फाइल परत आली. प्रवासाखाली आम्ही 'कपडे' म्हणून छोटी रक्कम टाकली होती. शेरा असा: "समुपदेशन केंद्रास कपडे कशासाठी? खुलासा करावा."

खुलासा लिहायला बसले आणि लक्षात आलं की हे इथंही कोणाला माहीत नसेल. सिव्हिलला तपासणी होते तेव्हा मुलीच्या अंगावरचे कपडे मुद्देमाल म्हणून पाकिटात सील होतात. सगळे. आतलेसुद्धा. मग ती घरी काय घालून जाणार? बरोबर आलेल्या आईला हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. पहिल्या वर्षी एका पोरीला मी माझी ओढणी आणि दवाखान्याची चादर गुंडाळून रिक्षात बसवलं होतं. तेव्हापासून आमच्या कपाटात गाऊन असतात, मुलींचे फ्रॉक तीन मापांत, चपला.

पाटीलकी_सोडलेला (शनिवार, संध्याकाळी ७.५५)

खुलाशात हेच लिहा. असंच्या असं.

आणि ते मंजूर होईपर्यंतचे कपडे माझ्याकडून. मिसेस विचारतेय, गाऊन कुठल्या मापाचे, सुती की कसले?

तापीकाठ (शनिवार, रात्री ८.१०)

सुतीच. मोठ्या मापाचे घ्या, लहानीला मोठा चालतो. परकर दिलेत तर नाडी आधीच ओवून द्या, वहिनींना सांगा. तिथं कोणाचेही हात थरथरत असतात, नाडी ओवता येत नाही.